मधला खण

गेल्या संकष्टीला सांगलीच्या गणपतीत मी एका खांबाआड उभी राहिले. किती वेळ ते सांगवत नाही, पण पुजाऱ्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडावर ‘बाईंचं मागणं मोठं दिसतंय’ असा भाव होता. मागणं वगैरे काही नव्हतं. माझ्यापासून पंधरा पावलांवर दर्शनाच्या रांगेत शैलावहिनी उभ्या होत्या आणि मला त्यांच्या नजरेला पडायचं नव्हतं, एवढंच. त्या बारीक झाल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात दूर्वांची जुडी. रांग सरकली की आधी एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, मग दुसरं. मागच्या पोरानं जरा रेटलं तर वळून त्यालाच म्हणाल्या, “जा बाळ, तू हो पुढं.” आवाज तोच. मी खांबाला कपाळ टेकवलं. काळा दगड, गार, आणि लोकांचे हात लागून लागून जरासा तेलकट झालेला. देवळात लपायची ही एक सोय असते. कशालाही कपाळ टेकवून उभं राहा, कोणी काही विचारत नाही.

त्या गेल्यावरही मी थोडी थांबले, मग बाहेर आले. नुकतीच सर पडून गेली होती, चपलांच्या ढिगाऱ्यात चिखल झाला होता. आत जाताना मी चपला घाईत काढून टाकल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. आता त्या भिंतीच्या कडेला होत्या. जोडीनं, टाचा देवळाकडे, तोंडं रस्त्याकडे. पाय सरकवला की चालायलाच लागावं अशा.

चपला अशा लावणारी एकच बाई मला माहीत आहे.

गावभागात आम्ही तेवीस वर्षं एका वाड्यात काढली. त्यांचं बिऱ्हाड खाली, आमचं वर, मध्ये लाकडी जिना. जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या चपला, पोरांचे बूट, आल्यागेल्याच्या सपाता यांचा खच असायचा आणि वहिनी येता-जाता तो सरळ करायच्या. उलटी पडलेली चप्पल तर त्यांना बघवायचीच नाही; घरात भांडणं होतात म्हणायच्या. (त्यांच्याकडं तरीही व्हायची. अण्णांचा आवाज वरपर्यंत यायचा.) ते अण्णा वैशाखात गेले. मी तेव्हा पुण्यात, लेकीच्या बाळंतपणाला. बातमी कळली तेव्हा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला; म्हटलं, फोनवर काय बोलायचं, समक्षच जाऊ. परत आले तोवर तेरावा होऊन आठवडा उलटला होता. मग आज सोमवार, आज अमावास्या, आज पाऊस, आज पाहुणे. पहिल्या महिन्यात गेले असते तर अण्णांबद्दल दोन शब्द बोलावे लागले असते. दीड-दोन महिन्यांनंतर मला माझ्याबद्दलच बोलावं लागणार होतं, आणि ते अवघड होतं. आता राहते त्या विश्रामबागेतून मंडईला जायचा माझा रस्ता बदलला. मारुती चौक सोडून मी लांबचा वळसा घ्यायला लागले आणि घरी विचारलं तर तिकडं फार गर्दी असते म्हणून सांगितलं. हे सगळं कुणासाठी, तर ज्या बाईचा मला एकदाही राग आला नाही, जिच्या ओट्यावर बसले की दुपारचं दळण आणायचं राहून जायचं, तिच्यासाठी.

माझा एक भाचा अमेरिकेत उंदरांच्या डोक्यात दिवे लावतो. ही व्याख्या माझी. त्याच्या आईला ती आवडत नाही. ती मिरजेत सगळ्यांना ‘मेंदूवर संशोधन’ असं सांगते. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, म्हणजे त्याची शनिवारची रात्र. संकष्टीनंतरच्या रविवारी मी त्याला अगदी सहज आठवल्यासारखं विचारलं, “का रे, तुझे उंदीर एकमेकांना टाळतात का?” तो हसला. “मावशी, आमचं पोटच त्यावर चालतं.”

त्यानं जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. एका जातीच्या हिरव्या शेवाळात एक प्रथिन असतं. त्याच्यावर निळा उजेड पडला की पेशीचं दार उघडतं. शेवाळाला त्यातून उजेड कुठं आहे ते कळतं. २००५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसरॉथ, एड बॉयडन या मंडळींनी त्या प्रथिनाचं जनुक चेतापेशीत घालून दाखवलं आणि पेशी उजेडावर चालायला लागली. आता उंदराच्या मेंदूतल्या नेमक्या हव्या त्या पेशींत ते जनुक एका विषाणूच्या पाठीवर बसवून पोचवतात, काचेची बारीक तार आत सोडतात आणि निळा दिवा लावतात. पूर्वी इलेक्ट्रोडनं करंट दिला की आजूबाजूच्या सगळ्याच पेशी जाग्या व्हायच्या. वाड्यात एकाला हाक मारली की दहा खिडक्यांतून डोकी बाहेर येतात, तसं. आता नाव घेऊन हाक मारता येते.

मग त्या उंदराला तीन खणांच्या पेटीत सोडायचं. एका टोकाच्या खणात जाळीच्या पेल्याखाली एक अनोळखी उंदीर. दुसऱ्या टोकाला तसाच पेला, पण रिकामा, नाहीतर आत एखादी वस्तू. मधला खण मोकळा. वर कॅमेरा, आणि मोजायचं कुठल्या खणात किती सेकंद. २०१४ साली स्टॅनफर्डच्याच लोकांना दिसलं की मध्यमेंदूतून न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या भागाकडे जाणारी एक वाट उजळली की उंदीर दुसऱ्या उंदराशी जास्त वेळ घालवतो. त्याऐवजी नवी वस्तू ठेवली तर तिच्याकडं मात्र काही जास्त जात नाही. म्हणजे नुसता अंगात आलेला उत्साह नव्हे, ओढा संगतीचाच. त्याच वर्षी दुसरीकडं भीतीशी संबंध असलेल्या अमिग्डालापासून आठवणींशी संबंध असलेल्या हिपोकॅम्पसकडे जाणारी वाट उजळून पाहिली, तर उलटंच: उंदीर दुसऱ्याकडं कमी फिरकायला लागला, आणि तीच वाट बंद केली तर जास्त. एक दिवा ओढणारा, एक मागं धरणारा. मी विचारलं, “आणि मधल्या खणात बसून राहतात ते?” तो म्हणाला, “बसतात की. पण मधल्या खणाचं आम्ही फारसं मांडत नाही. आलेख दोन टोकांचा काढतो.”

मला मधल्या खणाचंच ऐकायचं होतं.

खरं तर मेंदू आणि वीज हे दोन शब्द जोडीनं आले की आमच्या पिढीच्या पोटात गोळा येतो. वाड्याच्या मागच्या अंगाला एक मुलगी होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती बोलायचीच बंद झाली. तिला मिरजेला नेऊन ‘शॉक’ दिले. आमच्याकडं कुठलंही मोठं दुखणं शेवटी मिरजेलाच जातं. ती बरी झाली, पुढं तिचं लग्नही झालं, पण परत आली त्या आठवड्यात तिच्या दारावरून जाताना बायका पोरांचे हात घट्ट धरायच्या, उंबऱ्यात अजून थोडा करंट शिल्लक असल्यासारखे. मीही धरला होता. वहिनी मात्र वाटीत मुगाची खिचडी घेऊन सरळ आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि रिकामी वाटी विसळता विसळता म्हणाल्या, “भूक लागली होती तिला. बाकी काही नाही.”

उंदरांचं हे सगळं सुरू झालं ते एका चुकीतून, असं भाचा म्हणतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवत होते. एकाचा नेम चुकून तो भलतीकडंच गेला. टेबलाच्या एका कोपऱ्यात उंदराला करंट दिला, तर तो पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊन उभा. मग त्याच्या पंजाखाली कळ दिली, तर तासाला शेकड्यांनी आणि पुढच्या प्रयोगांत हजारांनी कळ दाबणारे उंदीर निघाले. १९५४ साली हे छापून आलं आणि सुखाची जागा सापडली असा गवगवा झाला. पुढं मिशिगनच्या केंट बेरिज यांनी ती जागा सुखाची नव्हे, ओढीची असल्याचं दाखवलं. ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं आहे असे उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडंही जात नाहीत. भरवलं नाही तर उपाशी मरतील. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारतात. गोड त्यांना गोडच लागत होतं. गोडापर्यंत जाणं तेवढं बंद पडलं होतं.

“हॅलो, मावशी? आवाज येतोय का?” असं तो दोनदा म्हणाला. आवाज येत होता. मी वहिनींच्या ओट्यावर होते. मला कुणी बखोटीला धरून तिथं नेऊन बसवलं असतं तर पाच मिनिटांत माझी जीभ सैल सुटली असती, हे मला त्या खांबाआडही पक्कं माहीत होतं. आवडण्यात काही बिघाड नव्हता. पंधरा पावलं चालवणारं यंत्र तेवढं अडकलं होतं. घरातले म्हणतात, तुला जावंसं वाटत नाही म्हणून तू जात नाहीस, जावंसं वाटलं की जाशील. आपलं हे ‘वाटणं’ म्हणजे लग्नघरातलं पातेलं आहे. बरं वाटणं, जावंसं वाटणं, भीती वाटणं, लाज वाटणं, सगळं त्याच्यातच. आत काय काय एकत्र शिजतंय ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही, आणि झाकण काढायला त्या उंदरांची डोकी लागली.

भाच्यानं मग एक जुना फोटो पाठवला. १९६३ साली स्पेनमध्ये, कोर्दोबाजवळ, होसे देल्गादो नावाचे येलचे प्राध्यापक रिंगणात उभे, हातात रेडिओचं यंत्र, आणि समोर चालून आलेला बैल. त्याच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले. बटण दाबलं, बैल थांबला. बटणानं राग विझवता येतो, अशा बातम्या झाल्या. नंतर जाणकारांनी शंका काढल्या: करंट दिला होता तो हालचालीशी संबंध असलेल्या भागात, बैल वळला, त्याला पुढं येता आलं नाही, राग गेला हे कशावरून? मला यात शंका काढण्यासारखंही काही वाटलं नाही. कासरा ओढला की बैल थांबतो. त्याचा राग गेला असं आमच्याकडचा कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. पण नुसतं थांबलेलं बघून माणसं आपल्या मनातलं वाचतात. पुजाऱ्यांनी माझ्यात भक्ती वाचली होती.

ह्याच देल्गादोंची एक माकडीण होती, तिची गोष्ट मला बैलापेक्षा आवडली. टोळीचा म्होरक्या मोठा तापट. त्याला शांत करणाऱ्या करंटची कळ पिंजऱ्यातच बसवलेली. एल्सा नावाच्या माकडिणीला त्यातली गोम कळली. तो डोळे वटारून आला की ती जाऊन कळ दाबायची. अण्णा कचेरीतून फणफणत आले की वहिनी एक शब्द न बोलता चहाचं आधण ठेवायच्या. स्टोव्हचा पहिला भस्सकन आवाज आला की वर आम्ही म्हणायचो, झालं, आता निवतील.

पण माझ्या आत रुतून बसला तो २०१६ चा एक प्रयोग. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या गिलियन मॅथ्यूज, के टाय आणि त्यांच्या सोबत्यांचा. मेंदूच्या बुडाशी डॉर्सल राफे म्हणून भाग आहे, तिथल्या मूठभर डोपामिन-पेशी त्यांनी पाहिल्या. उंदीर चोवीस तास एकटा ठेवला आणि मग त्याला सोबती दिला की या पेशी उसळतात. दिव्यानं त्या पेटवल्या तर उंदीर सोबत्याकडं ओढला जातो. इथवर सरळ आहे. मग त्यांनी आसपास कुणी नसताना दिवा लावून पाहिला. पेटीच्या ज्या भागात गेलं की दिवा लागतो, तो भाग उंदीर टाळायला लागला. म्हणजे संगतीकडं लोटणारी ती गोष्ट स्वतः काही सुखाची नाही. ती टोचते. उंदीर दुसऱ्याकडं जातो तो टोचणी थांबावी म्हणून. त्यातही कळपात ज्याचा मान वरचा, त्याच्यावर परिणाम जास्त.

“मग समजा एखाद्याला टोचणीही आहे आणि जातही नाही,” मी म्हटलं, “त्याच्या डोक्यात कुठला दिवा लागलाय म्हणायचं?”

तो जरा थांबला. “मावशी, तुझा प्रश्न बरोबर आहे. पण उंदराला उशीर होत नाही ना.”

त्यानं ते विनोदानं म्हटलं होतं. मी फोन ठेवल्यावर भाजी निवडायला बसले आणि मेथीच्या जुडीबरोबर अर्धा तास ते वाक्य निवडत राहिले. उंदराला तेरावा नसतो. चोवीस तास एकटा ठेवलेला उंदीर सोबत्यासमोर सोडला की त्याला काल का आला नाहीस असं कोणी विचारत नाही, आणि विचारेल अशी त्याला भीतीही नसते. माझी टोचणी मला त्यांच्याकडं ढकलत होती आणि जितकी जास्त ढकलत होती तितका उशीर मोठा दिसत होता. दोन्ही दिवे एकदम लागलेले.

माणसांच्या मेंदूत अशा काचेच्या तारा घालत नाहीत. वरून चुंबकाचे झटके देतात, किंवा एक-दोन मिलिअँपिअरचा मंद करंट, आणि पुष्कळदा तेही नाही, नुसते फोटो काढतात. एमआयटीतच चाळीस माणसांना एक दिवस दहा तास एकटं ठेवलं, फोनसुद्धा नाही. आणि एक दिवस दहा तास उपाशी. मग चित्रं दाखवली. एकटं राहिल्यावर गप्पा मारणाऱ्या माणसांची चित्रं बघून मध्यमेंदूचा जो भाग जागा झाला, तोच उपाशी राहिल्यावर जेवणाची चित्रं बघून. हे २०२० मध्ये छापून आलं. वहिनींनी खिचडीची वाटी विसळताना ते सांगून टाकलं होतं, पण त्यांच्याकडं यंत्र नव्हतं.

त्यांच्याबरोबर मी चार दिवस पाण्यातही काढलेत. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि वहिनींचं अख्खं बिऱ्हाड पाण्याखाली. ते दोघं आमच्याकडं वर आले. वीज नाही, फोन मेलेले, आणि तो वास: गटार, रॉकेल, भिजलेली ज्वारी. रात्री लांब कुठंतरी म्हैस हंबरायची आणि मग हंबरायची थांबायची. वहिनी आणि मी जिन्याच्या वरच्या टोकाला बसून पायऱ्या मोजायचो. सात दिसतायत, सहा दिसतायत. खाली अंधारात चपला तरंगत होत्या. वहिनींनी काठीनं एक ओढून घेतली, झटकली, पायरीवर सरळ ठेवली आणि दिवसभर तिची जोडी शोधत बसल्या. त्या चार दिवसांत आम्ही इतकं बोललो की पुढं कित्येक वर्षं पुरावं. पाणी ओसरल्यावर दिवाळीच्या आत आम्ही विश्रामबागेत फ्लॅटमध्ये आलो. टेम्पो भरत असताना वहिनींनी भडंगाचा डबा हातात दिला. स्टीलचा, झाकणावर अण्णांचं नाव कोरलेला. तो डबा अजून माझ्याकडं आहे. रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून राहिला. आणि आता भेटायला जायचं तर हातात काही न्यायचं नसतं. म्हणजे भरून नेता येत नाही आणि रिकामा देता येत नाही.

गेल्या गुरुवारी मी गेले. गेले म्हणजे, रिक्षावाल्यानं न विचारता मारुती चौकातून घातली. मी ‘इकडून नको’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली आणि सगळं ठप्प. दहा मिनिटं झाली. गल्लीचं तोंड समोर दिसत होतं. मी पैसे दिले आणि उतरले.

दार उघडंच होतं. “आलीस होय,” वहिनी म्हणाल्या. “ये. पंख्याखाली बस, घामेजलीस.” मी पाठ केलेली वाक्यं तोंडातच राहिली. अण्णांच्या फोटोला चंदनाचा हार, समोर विझलेली उदबत्ती. मी रडले, त्या रडल्या नाहीत. त्यांनी लेकीचं विचारलं, बाळाचं वजन विचारलं, नाव काय ठेवलं ते विचारलं आणि ते त्यांना आवडलं नाही हे चेहऱ्यावरून कळलं. अण्णांनी शेवटच्या दिवशी संध्याकाळी भडंग मागितलं आणि मीठ कमी पडलं म्हणून भांडले, हे सांगताना त्यांना हसू आलं. मग त्या उठल्या. मी चहा नको म्हटलं, अशा वेळी घ्यायचा नसतो म्हणून. “पाच महिने झाले,” त्या म्हणाल्या, “आता चहाला काय होतंय?” बोलण्यात धार होती की नव्हती, मी बघत राहिले. त्या साखरेचा डबा उघडत होत्या. गॅस पेटवता पेटवता, पाठ माझ्याकडं, म्हणाल्या, “संकष्टीला गेले होते गणपतीला. केवढी रांग!” ‘मी पण होते’ एवढंच म्हणायचं होतं. अगदी दातांपर्यंत आलं. मी म्हटलं, “पाऊसही होता ना तेव्हा.” “होता की,” त्या म्हणाल्या.

चहा फार गोड होता. मी सगळा प्यायले.

उठताना सवयीनं तोंडातून ‘येते’ निघून गेलं. भेटायला गेल्यावर असं म्हणायचं नसतं. मी जीभ चावली. “ये की,” वहिनी म्हणाल्या, “आणि येताना डबा घेऊन ये.”

बाहेर आले. चपला मी काढल्या तशाच पडल्या होत्या, एक सुलटी, एक उताणी.